वणव्यामुळे धरणाचं पाणी बिघडतं का? गाळून, उकळून प्यायलं तर चालतं का?

बिघडतं, पण आग लागते त्या दिवशी नाही. नंतरच्या पहिल्या मोठ्या पावसात बिघडतं. झाडोरा जळाला की डोंगर उघडा पडतो. आग फार कडक असेल तर पाल्यातलं मेणासारखं द्रव्य मातीत थर धरतं, मग पाणी मुरत नाही, राख आणि माती घेऊन खाली धावतं. अमेरिकेत कोलोरॅडोत १९९६च्या मेमध्ये बफेलो क्रीकचं जंगल जळालं. जुलैत तिथे ढगफुटीसारखा पाऊस झाला आणि डेन्व्हर शहराच्या जलाशयात गाळ येऊन पडला.

मी सोलापुरात पाणी शुद्धीकरणाच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं काढली. जूनमध्ये नदीला नवं पाणी आलं की सहा भांड्यांत कमीजास्त तुरटी टाकून, ढवळून, कुठल्या भांड्यात गाळ नीट बसतो ते बघत आम्ही उभे असायचो. त्या अनुभवावरून सांगतो, डोळ्यांना दिसणाऱ्या राखेचं भय कमी. तुरटी वाढते, फिल्टर पुन्हापुन्हा धुवावे लागतात, पण ती निघते. अवघड असतो तो जळक्या पाल्याचा पाण्यात विरघळलेला अर्क. तुरटी त्याला पुरती धरत नाही, आणि उरलेल्याशी क्लोरीनचा संयोग झाला की ट्रायहॅलोमिथेन नावाची रसायनं तयार होतात. दीर्घकाळ पोटात गेली तर ती घातक. क्लोरीन कमी करावा तर जंतू राहतात. शिवाय राखेतला फॉस्फरस जलाशयात पुढेही शेवाळ माजवतो.

उकळण्याने जंतू मरतात, एवढंच. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातलं पॅराडाइज गाव जळालं, तेव्हा नळाच्या पाइपांत बेंझीन हे विषारी रसायन शिरलं. तिथे लोकांना पाणी उकळू नका असंच बजावलं होतं, कारण बेंझीन वाफेबरोबर घरात पसरतं.

आपल्याकडचे वणवे बहुतेक गवताचे. ते झरझर पुढे सरकतात, माती खोलवर भाजत नाहीत. सोलापूरला पाणी देणाऱ्या उजनी धरणाचं खरं दुखणं वरच्या शहरांचं सांडपाणी. तरी एक गोष्ट मला फार लागते. २०१२च्या वणव्यानंतर कोलोरॅडोतल्याच फोर्ट कॉलिन्सने नदीचं पाणी घेणं काही महिने बंद ठेवलं, कारण हाताशी दुसरा जलाशय होता. आपल्या सोलापूरची थेट पाइपलाइन उजनीची, आणि टाकळीच्या उपसा केंद्रावर भीमेतून उचलतो तेही उजनीतूनच सोडलेलं. वेगळं म्हणावं असं पाणी शहराजवळच्या हिप्परग्याच्या तलावाचं. त्यात एक बादलीभरही घाण जाऊ देऊ नये, असं मला मनापासून वाटतं.