इन्सुलिन कमी लागू लागले म्हणजे मधुमेह बरा झाला का?

प्रश्न : माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला चार महिन्यांपूर्वी टाइप वन मधुमेहाचे निदान झाले. सुरुवातीला तिला बरेच इन्सुलिन लागत असे. गेल्या महिन्यापासून अगदी थोडे पुरते आणि साखरही आटोक्यात असते. घरातील वडीलधाऱ्यांच्या मते आजार बरा होत आला आहे, तेव्हा सुया बंद करून काढा सुरू करावा. तिला रोज टोचताना माझाही जीव कासावीस होतो. काय करावे?
– एक आई, सांगली

उत्तर : इन्सुलिन बंद करू नका, एक दिवससुद्धा नाही. आपल्या घरी जे घडते आहे ते अनेक मुलांच्या बाबतीत घडते आणि डॉक्टर त्याला ‘हनिमून काळ’ म्हणतात. या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशींना नष्ट करते. निदान होते तेव्हा काही पेशी तग धरून असतात आणि बाहेरून इन्सुलिन मिळू लागले, की त्यांच्यावरचा ताण हलका होऊन त्या पुन्हा काम करू लागतात. हा काळ काही आठवडे, काही महिने, क्वचित वर्षभराहूनही अधिक टिकतो. मात्र त्या पेशींवरील हल्ला थांबलेला नसतो, म्हणून पुढे मात्रा पुन्हा वाढवावी लागते. तशी ती वाढली, तर आपले काही चुकले असे कृपया मानू नका. मुलीला हा आजार गोड खाल्ल्याने झालेला नाही, आणि आपल्या संगोपनातील कोणत्याही उणिवेमुळेही नाही.

इन्सुलिन हे प्रथिन असल्यामुळे पोटात गेले की पचून जाते, म्हणूनच ते टोचून घ्यावे लागते; कोणताही काढा त्याची जागा घेऊ शकत नाही. ते मिळाले नाही, तर शरीर चरबी जाळू लागते, रक्तात कीटोन नावाची आम्लद्रव्ये साचतात आणि मूल एक-दोन दिवसांत अत्यवस्थ होऊ शकते. उलट्या, पोटदुखी, खोल व जलद श्वास आणि श्वासाला फळासारखा वास ही त्याची लक्षणे आहेत. उलट्या व पोटदुखी अपचनाची समजून घरी थांबणे जिवावर बेतते. टोरंटो येथे ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन दिले गेले. त्यापूर्वी अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून त्यांचे आयुष्य थोडेफार लांबवण्यापलीकडे वैद्यकाच्या हाती काही नव्हते. घरातील वडीलधाऱ्यांना हे अवश्य सांगा, आणि शक्य असल्यास पुढच्या भेटीला त्यांना सोबत न्या. त्यांच्या आग्रहामागेही नातीची मायाच आहे.

मात्रा किती कमी करायची, हे ग्लुकोमीटरच्या नोंदी पाहून डॉक्टरांनीच ठरवावे. मात्रा लहान असताना सिरिंजकडे विशेष लक्ष द्या. आपल्याकडे साध्या बाटलीतील इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिटचे असते, तर पेनमधील १०० युनिटचे. ४० च्या बाटलीला ४० चीच, लाल टोपणाची सिरिंज हवी. पेनच्या काडतुसातील इन्सुलिन या सिरिंजने ओढून दिले, तर अडीचपट मात्रा जाईल.

प्रश्न : माझ्या वर्गात टाइप वन मधुमेह असलेला एक विद्यार्थी आहे. त्याची साखर एकाएकी उतरली, तर शिक्षकाने काय करावे?
– एक शिक्षक, नाशिक

उत्तर : घाम, थरथर, अचानक चिडचिड किंवा शून्यात पाहत बसणे दिसले, की लगेच साखर तपासावी. ती ७० पेक्षा कमी असेल, किंवा तपासण्याची सोय नसेल, तर १५ ग्रॅम ग्लुकोज अथवा तीन सपाट चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. बिस्किट किंवा चॉकलेटमधील साखर रक्तात सावकाश उतरते, म्हणून ते आधी नको. मूल बेशुद्ध असेल, तर तोंडात काहीही न घालता त्याला कुशीवर वळवून तातडीने रुग्णालयात न्यावे. स्वच्छतागृहातही त्याला एकटे पाठवू नये.

दप्तरातील खाऊ वर्गात खाण्याची मुभा त्याला नेहमी असावी, परीक्षेतही. सीबीएसईने २०१७ पासून बोर्डाच्या परीक्षेत अशा विद्यार्थ्यांना साखरेच्या गोळ्या, फळे व पाणी जवळ ठेवू दिले आहे. शाळेच्या चाचणीसाठी तेवढी मोकळीक मुख्याध्यापकांशी बोलून आपणही मिळवून देऊ शकाल.