आद्य प्रायमेटना ‘आदिवानर’ म्हणावं का?

एका भाषांतरकार ताईंचा प्रश्न आहे: साडेपाच कोटी वर्षांपूर्वीच्या आद्य प्रायमेटना (माकडं, वानरं आणि माणूस ज्या प्राणिगणात मोडतात, त्यातल्या आरंभीच्या प्राण्यांना) ‘आदिवानर’ म्हटलं तर चालेल का? आणि वानर, माकड, कपी यांत फरक तो काय?

मला विचाराल तर ‘आदिवानर’ नको. आपल्याकडे वानर म्हणजे काळ्या तोंडाचं, लांबलचक शेपटीचं. माकड म्हणजे लाल तोंडाचं. कोकणात त्यालाच केलडं म्हणतात. बागेची नासधूस कुणी केली, वानरांनी की केलड्यांनी, हे तिथला माणूस कधी चुकायचा नाही. ‘कपी’ मूळ संस्कृतात माकडच. पण शास्त्रीय मराठीने तो गिबन, ओरांगउटान, गोरिला, चिंपँझी अशा बिनशेपटीच्यांसाठी राखून ठेवला. मारुतीला कपिश्रेष्ठ म्हणायचं आणि पुस्तकात शेपूट दिसली की कपी नाही म्हणायचं! असो. (सुटा ‘कपी’ दीर्घ, समासात ‘कपिकुल’ ऱ्हस्व.)

या सगळ्यांना, शिवाय लोरिस, लेमूर, टार्सियर या माकडांच्या दूरच्या भाईबंदांना आणि माणसालाही पोटात घेणारा शब्द म्हणजे ‘नरवानर गण’. लिनियसने १७५८ साली ‘प्रायमेट्स’ हे नाव दिलं ते ‘पहिल्या मानाचे’ या अर्थाने. त्यात वानर कुठेच नाही.

आता तुमचा आद्य प्राणी. चीनच्या हुबेई प्रांतात ज्याचा जीवाश्म सापडला तो आर्किसेबस हा इओसीन, म्हणजे आदिनूतन काळाच्या आरंभीचा. वजन २०-३० ग्रॅम, घरातल्या उंदराएवढं! नावाचा अर्थ ‘आद्य लांबशेपट्या माकड’, पण नातं टार्सियरच्या शाखेशी. म्हणजे नाव देणारेही ‘आदिवानरा’च्याच वाटेने गेले.

शिवालिक टेकड्यांतल्या जीवाश्मांच्या नावांत तर गंमतच आहे. ग्रीक ‘पिथेकस’ म्हणजे कपी किंवा माकड. अमेरिकन जीवाश्मशास्त्रज्ञ जी. एडवर्ड लुईस यांना १९३२ साली हिमाचल प्रदेशातल्या हरितल्यांगरजवळ वरच्या जबड्याचा तुकडा मिळाला, त्याचं नाव रामपिथेकस. त्यांनी एक सुग्रीवपिथेकसही करून ठेवला! रामपिथेकस बरीच वर्षं माणसाचा पूर्वज म्हणून मिरवला. १९८०च्या दशकात तो शिवालिकमधल्याच शिवपिथेकस या दुसऱ्या जीवाश्म प्राण्यात जमा झाला, आणि शिवपिथेकस निघाला ओरांगउटानच्या गोतातला. त्याला मात्र खुशाल कपी म्हणा. आर्किसेबससाठी पहिल्या उल्लेखात ‘नरवानर गणातला आद्य प्राणी’ आणि पुढे सरळ ‘आद्य प्रायमेट’ लिहा.