मैत्रिणींसोबत चार दिवस गाडीने फिरून आले आणि एकटी पडले. आमची मैत्री खोटीच होती का?

तू लिहिलं आहेस ते थोडक्यात असं: तुम्ही तिघी, सोळा वर्षांच्या, सहा वर्षांची मैत्री. एकीचा मोठा भाऊ गाडी चालवायला. दुसऱ्या दिवसापासून त्या दोघींचं गूळपीठ जमलं आणि तू खिडकीला डोकं टेकून बाहेर बघत राहिलीस. "तुझं आपलं सारखं काहीतरी असतंच," असं एकीने तोंडावर सुनावलं. परत आल्यावर त्यांनी टाकलेल्या फोटोंत तू कुठेच नाहीस. आणि शेवटी विचारलं आहेस, प्रवासात माणसाचा खरा स्वभाव कळतो म्हणतात, मग ही मैत्री मुळातच खोटी होती का?

मी उत्तर लिहायला बसले, कारण सतरा वर्षांची असताना अशाच एका प्रवासात मी त्या दोघींपैकी एक होते. तुझी बाजू घेणारे तुला पुष्कळ भेटतील. शेजारच्या सीटवर काय शिजत असतं ते सांगणारी सहसा भेटत नाही, कारण सांगायची लाज वाटते. मला ती अजून वाटते.

आम्हीही तिघीच. एकीची मावशी गाडी चालवत होती, पाच दिवसांचा बेत होता. मावशीची भाची पहिल्या दिवशी पुढे बसली, त्यात कुणाला काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी विचारलं, "आज मी बसू पुढे?" ती म्हणाली, "नको, मीच बसते." कारण नाही, काही नाही. दुपारी दुसरीने विचारलं, पुन्हा तेच. तेव्हा मागे आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघून भुवया उंचावल्या. सगळं त्या नजरेपासून सुरू झालं.

एकदा संशय धरला की माणूस पुरावे गोळा करत सुटतं. ती गाणी बंद करायला सांगायची, काच खाली करायची, आम्ही खायला थांबलो की काही न खाता "चला ना लवकर" म्हणायची. फोटोसाठी उतरलो की ही गाडीला टेकून उभी. आम्ही ठरवून टाकलं की मावशीची गाडी म्हणून हिला माज आलाय. तिसऱ्या दिवशी तर आम्ही दोघी शेजारी शेजारी बसून एकमेकींना मेसेज करत होतो, तिच्याबद्दल, ती हातभर अंतरावर बसलेली असताना.

त्याच दुपारी मावशीचा फोन बंद पडला. रस्ता बघायला तिने मागे फोन मागितला आणि मी माझा पुढे दिला. तो भाचीच्या हातात असताना मागून दुसरीचा मेसेज पडला: "महाराणींचं नाटक परत सुरू." तिने तो वाचला. मागे वळली नाही, काही बोलली नाही. "पुढून डावीकडे, मावशी," एवढंच म्हणाली, अगदी साध्या आवाजात. उरलेले दोन दिवस ती आमच्याशी कामापुरतं बोलली.

तिला गाडी लागत होती. बस, एवढंच होतं ते. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगत असतो की आपण हलतोय, आणि समोरच्या सीटच्या पाठीवर किंवा मोबाइलवर खिळलेले डोळे सांगतात की सगळं स्थिर आहे. दोन उलटसुलट निरोपांनी मेंदू गोंधळतो आणि मळमळायला लागतं. पुढे बसलं की दूरचा रस्ता दिसतो, डोळे आणि कान यांचा मेळ बसतो, त्रास कमी होतो. म्हणून पुढची सीट, म्हणून उघडी काच, म्हणून रिकामं पोट आणि लवकर पोचायची घाई. मग सांगितलं का नाही? कारण काही महिन्यांपूर्वी माझ्या धाकट्या भावाला गाडीत उलटी झाली तेव्हा मी आठवडाभर त्याची टिंगल केली होती, तिच्यासमोर.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. "प्रवासात खरा स्वभाव कळतो" हे मला पटत नाही. माझ्या अनुभवात कळतं ते इतकंच, की झोप झालेली नसताना, अंग आंबलेलं असताना आणि उठून जायला जागा नसताना माणूस कसं वागतं. तोही त्याच माणसाचा एक भाग आहे, मान्य. पण त्यालाच खरा म्हणायचं आणि सहा वर्षांच्या वागण्याला खोटं, हा कुठला न्याय?

झोपेचंच घे. तुमच्या वयात ८ ते १० तास झोप लागते, आणि शरीराचं घड्याळच या वयात पुढे सरकतं, म्हणजे झोपेची वेळ झाली हे सांगणारं मेलाटोनिन रात्री उशिरा वाढतं. लवकर झोपायचं ठरवून डोळा लागत नाही, आणि प्रवासात पहाटे निघायचं असतं. परक्या खोलीत तिघींनी रात्री दोनपर्यंत गप्पा मारायच्या आणि पाचला उठायचं, असं दोन रात्री चाललं की तिसऱ्या दिवशी कुणाचीही सहनशक्ती संपते. तुमचं दुसऱ्याच दिवशी बिनसलं. पहिल्या रात्री किती वाजता झोपलात, ते आठवून बघ.

पण माझ्या मते झोपेपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे ते गाडीचं दार. एरवी मैत्रिणीशी खटका उडाला की आपण आपापल्या घरी जातो. मध्ये एक रात्र जाते, आईशी दोन शब्द होतात, दुसरंच काहीतरी घडतं, आणि सकाळी राग अर्धा झालेला असतो. तुमच्या सहा वर्षांत अशी किती भांडणं नुसत्या घरी जाण्याने मिटली असतील, तुम्हाला कळलीही नसतील. गाडीत ते होत नाही. जिच्यावर चिडलोय तिचा कोपर आपल्याला लागत असतो. रडावंसं वाटलं तर रडायला कोपरा नाही. भांडावं तर गाडी चालवणाऱ्याच्या कानाशी भांडायचं, तेही धोक्याचं. (तो भाऊ तुमच्यावर एकदा ओरडला म्हणतेस, ते बहुधा त्याच काळजीने.) मग राग बोलण्यातून बाहेर पडायचा बंद होतो आणि नजरांतून, कुजबुजीतून, इअरफोन घालून बसण्यातून बाहेर पडतो. तो जास्त लागतो.

आणि तिघी असणं. दोघींत एक रुसली तर दुसरीला तिचा रुसवा काढावाच लागतो, नाहीतर सोबतच उरत नाही. तिघींत उरलेल्या दोघींचं चालून जातं. माझ्याकडून सांगते, त्या मागच्या सीटवर मला तिचा तिरस्कार वगैरे वाटत नव्हता. मला बरं वाटत होतं. दुसरीशी माझी इतकी जवळीक आधी कधीच नव्हती, आणि ती जवळीक तिसरीबद्दल बोलण्यावर पोसली जात होती. बोलणं थांबवलं तर उद्या या दोघी एक होतील आणि खिडकीपाशी मी असेन, ही भीती मला सतत होती. तुझ्या त्या दोघींना तसंच वाटलं असेल असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण दोघी हसत होत्या म्हणजे त्या निवांत होत्या, असं समजू नकोस.

तुला जे लागलं ते मात्र खरं आहे, आणि "एवढं काय मनाला लावून घ्यायचं" असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. किपलिंग विल्यम्स नावाचे मानसशास्त्रज्ञ एकदा बागेत बसले असताना एक फ्रिसबी त्यांच्यापाशी येऊन पडली. त्यांनी ती परत फेकली, तर ज्या दोन अनोळखी माणसांची ती होती त्यांनी त्यांनाही खेळात घेतलं. थोड्या वेळाने त्या दोघांनी यांच्याकडे फेकणं बंद केलं. ओळख ना पाळख, तरी हे किती लागलं याचंच त्यांना नवल वाटलं. त्यातून पुढे संगणकावरचा तीन खेळाडूंचा चेंडूचा खेळ तयार झाला, ज्यात दोघे तिसऱ्याकडे चेंडू टाकणं थांबवतात. २००३ मध्ये नाओमी आयझेनबर्गर, मॅथ्यू लीबरमन आणि विल्यम्स यांनी हा खेळ खेळणाऱ्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. वगळलं गेल्यावर त्यांच्या मेंदूत एक असा भाग जास्त सक्रिय झाला, जो शरीराला दुखलं की होणाऱ्या त्रासाशीही जोडलेला आहे. पुढच्या एका प्रयोगात तर समोरचे दोघे म्हणजे संगणकच आहे हे आधी सांगूनही लोकांना वाईट वाटलं. तुझ्या गाडीत तर सहा वर्षांच्या मैत्रिणी होत्या.

मग करायचं काय? मी काय केलं ते सांगते, त्यातलं तुला पटेल ते घे.

मी एकोणीस दिवस काहीच केलं नाही. हे चुकलं. तेवढ्या दिवसांत मी आणि दुसरी रोज फोनवर तेच ते उगाळत होतो, तिने तो मेसेज कसा पाहिला, काय म्हणाली, आता काय करेल. याचा अभ्यास झालेला आहे. अमांडा रोझ यांनी २००२ मध्ये दाखवलं की मैत्रिणी एकच दुःख पुन्हा पुन्हा चघळतात तेव्हा त्यांची जवळीक वाढते, पण सोबत उदासी आणि चिंता यांचं प्रमाणही जास्त दिसतं. तेव्हा चौथ्या मैत्रिणीकडे मन मोकळं जरूर कर, पण एकदा. रोज रात्री तोच विषय काढलास तर तुझ्या मनात त्या दोघी दिवसेंदिवस जास्त वाईट होत जातील, आणि त्यांनी मधल्या काळात नवीन काहीही केलेलं नसेल.

तिघींच्या ग्रुपवर काही लिहू नकोस. तिथे त्या पुन्हा दोघी असतील आणि तू एकटी. दोघींपैकी जिच्याशी तुझं आधीपासून जास्त जुळतं तिला एकटीला गाठ, शक्यतो समोरासमोर. "तुम्ही दोघींनी" हे शब्द टाळ, ते ऐकलं की ती लगेच जोडीच्या बाजूने बोलायला लागेल. घडलेली एकच गोष्ट सांग आणि तुला काय वाटलं ते सांग. उदाहरणार्थ: "परत आल्यावर फोटो बघितले, मी एकाही फोटोत नाही. मला खूप एकटं वाटलं. काय झालं होतं?" आणि मग थांब, ती गप्प राहिली तरी आपण बोलून ती जागा भरू नकोस. मला उत्तर द्यायला वेळ लागला होता, कारण खरं उत्तर माझं मलाच माहीत नव्हतं.

एक अवघड गोष्टही विचारते. "तुझं सारखं काहीतरी असतंच" हे टोचणारं वाक्य आहे, पण त्यांच्या बाजूने काय दिसत होतं? तुला काही त्रास होत होता का, जो तू बोलली नाहीस? पोटात दुखत होतं, पाळी आली होती, पैसे मोजून आणले होते, घरची आठवण येत होती? असेल तर तुझा दोष नाही. पण त्यांना तो दिसला नसेल आणि त्यांनी आपल्या मनाने काहीतरी ठरवलं असेल, जसं आम्ही ठरवलं. ते आता सांगितलंस तरी उशीर झालेला नाही.

मैत्री टिकावी की नाही याचा निकाल त्या चार दिवसांवर लावू नकोस. जेफ्री हॉल यांच्या २०१८ मधल्या अभ्यासानुसार ओळखीच्या माणसाचं जवळच्या मित्रात रूपांतर व्हायला सोबत घालवलेले २०० हून अधिक तास लागतात. तुमचे सहा वर्षांत हजारो तास झाले असतील. चार दिवसांतले जागेपणीचे साठेक तास फार वाईट गेले, पण ते साठच आहेत. त्याआधीचे आठव. घरी असतानाही तुला सांगून ठरलेले बेत तुझ्याशिवाय व्हायचे का? तुझं गुपित फुटायचं का? तसं असेल तर प्रवासाने नुसता पडदा सरकवला, आणि मग दूर होण्यात तुझं काही नुकसान नाही. तू खाजगीत बोललेलं स्क्रीनशॉट होऊन दुसरीकडे गेलं, तरीही तेच. पण आधी तसं कधीच झालं नसेल, तर मला त्या सहा वर्षांवर जास्त भरवसा वाटतो.

विसाव्या दिवशी मी तिच्या घरी गेले. पाठ करून नेलेलं सगळं दारातच विसरले आणि नुसतं "माझं चुकलं" म्हणाले. तेव्हा तिने गाडी लागण्याचं सांगितलं. आमचं पूर्ण जुळायला त्यानंतरही बरेच महिने गेले, आणि आज मला अर्ध्या रात्री फोन करावासा वाटला तर मी तिलाच करते. मागच्या सीटवरची दुसरी मात्र त्याच वर्षात दूर गेली. तिसरीबद्दल बोलणं संपल्यावर आमच्याकडे बोलायला फारसं काही उरलंच नाही.

त्या दिवशी दारात तिने मला एक गोष्ट विचारली, जी माझ्या डोक्यातही आली नव्हती. "तू फोन मुद्दामच पुढे दिलास ना, मी वाचावं म्हणून?" वीस दिवस ती हे मनात धरून होती. मी तो नुसता रस्ता बघायला दिला होता.

त्या फोटोंबद्दल तू अजून त्यांना काहीच विचारलेलं नाहीस, असं तुझ्या लिहिण्यावरून वाटतं. आधी तेवढं विचार. काय म्हणाल्या ते इथे लिहिलंस तर मी वाचेन आणि उत्तरही देईन.