गुडघे दुखतात, सायकल सोडू का?

प्रश्न : कोथरूडहून शिवाजीनगरला ऑफिस, जाऊन-येऊन १२ किलोमीटर. स्कूटर ठेवून जुनी सायकल काढली, पण गुडघे दुखतात आणि दम लागतो. एवढ्याशा अंतराने काय वाचतं?

उत्तर : आधी सीट बघा. बहुतेकांची खालीच असते. पेडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ झाला पाहिजे. गुडघा वाकत असेल तर सीट वर घ्या. दम लागतो तो बरेचदा टायरमधल्या कमी हवेमुळे. टायरच्या कडेवर छापलेला दाब बघून आठवड्याला हवा भरा. चेनला प्रत्येक कडीवर तेलाचा एकच थेंब, मग फडक्याने पुसा. जास्त तेलावर आपल्याकडची धूळ बसते आणि चेन झिजते.

वाचतं ते असं : स्कूटर लिटरला ४५ किलोमीटर देत असेल, तर २५ दिवसांत जवळपास पावणेसात लिटर पेट्रोल, म्हणजे सुमारे १५ किलो कार्बन डायऑक्साइड. पार्किंग शोधणं वाचतं ते वेगळंच! धो धो पावसात हट्ट नको. वनाझहून मेट्रो घ्या, जिल्हा न्यायालयाला गाडी बदला. शिवाजीनगर पुढचंच स्थानक.