मध्यरात्रीनंतर उडणारी झोप

प्रश्न : माझे वय 58 आहे. दहा वाजता झोप लागते. परंतु गेले चार महिने जवळजवळ रोज दोनच्या सुमारास जाग येते आणि मग पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. झोपेची गोळी सुरू करावी का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : आठवड्यातून किमान 3 रात्री आणि 3 महिन्यांहून अधिक काळ असे होत असेल, तर तो जुनाट निद्रानाश होय, त्यावरचा पहिला उपाय गोळी नसून निद्रानाशासाठीची संज्ञानात्मक वर्तन चिकित्सा, म्हणजे झोपेविषयीचे विचार आणि सवयी बदलण्याची उपचारपद्धती आहे. तिच्यात अंथरुणातील वेळ कमी करून प्रत्यक्ष झोपेच्या वेळेजवळ आणतात आणि झोप सलग होऊ लागली की तो हळूहळू वाढवतात. सुमारे 20 मिनिटे झोप आली नाही तर उठून मंद उजेडात शांत बसावे, घड्याळ पाहू नये आणि रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरलेल्या वेळीच उठावे. सुरुवातीला थकवा वाढतो, म्हणून वाहन जपून चालवावे. परंतु नेमके तेव्हाच हे सोडू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. रात्री मद्य घेतल्यास झोप लवकर लागते खरी, पण उत्तररात्री मोडते. घोरताना श्वास अडखळत असेल, तर गोळीआधी त्याची तपासणी हवी, कारण काही गोळ्यांनी तो त्रास बळावतो. या उपचारांविषयी गोव्यातील बांबोळी येथील आयपीएचबी या सरकारी मानसोपचार संस्थेत चौकशी करावी.