कोपराजवळचं हाड मोडलंय, प्लास्टरवर भागेल की तारा घालाव्याच लागतील?

मुलगा सहा वर्षांचा, कोपराच्या वरचं हाड पार सरकलंय, डॉक्टर तारा घालायच्या म्हणतात आणि घरचे म्हणतात प्लास्टर पुरे. घरच्यांचं ऐकू नका.

१९८६ साली मी सात वर्षांचा असताना पेरूच्या झाडावरून पडलो. आप्पांनी मला शेजारच्या गावच्या हाडवैद्याकडे नेलं. त्याने हात ओढला, लेप लावला, कामट्या बांधल्या. हाड जुळलं, पण वाकडं. हात खाली सोडला की कोपर बाहेर आणि पंजा आत. मे महिन्यातल्या लग्नातही मी पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला होता. आप्पांचं पालुपद एकच, "पोराचं हाड आहे, वाढता वाढता सरळ होईल." मनगटाजवळचं होतंही. पण दंडाच्या हाडाची ऐंशी टक्के वाढ खांद्याकडच्या टोकाला होते, कोपराकडे जेमतेम वीस. तिथलं वाकडं वाकडंच राहतं. हे मला चाळिशीनंतर कळलं.

कारण तेव्हा माझी मुलगी घसरगुंडीवरून पडली. आप्पा पुन्हा तेच बोलले, मी त्यांना रिक्षातसुद्धा घेतलं नाही. सर्जनने भूल दिली, सी-आर्मवर, म्हणजे ऑपरेशन चालू असतानाच एक्स-रे दाखवणाऱ्या मशीनवर, बघत हाड बाहेरूनच बसवलं आणि कोपराच्या बाहेरच्या अंगाने कातडीतून दोन तारा घातल्या. चीर नाही, टाका नाही. काही जण एक तार आतल्या बाजूनेही घालतात, पण तिथून करंगळीकडे जाणारी नस जाते, ती दुखावू शकते. मी विचारलंच, नुसतं प्लास्टर का नको? म्हणाले, सरकलेलं हाड नुसत्या प्लास्टरमध्ये धरायचं तर कोपर खूप दुमडून ठेवावं लागतं, वर सूज, मग रक्तवाहिनी दबते आणि पंजा कायमचा आखडू शकतो. तारा असल्या की कोपर सैल ठेवता येतं.

तारांची टोकं कातडीबाहेरच असतात. चौथ्या आठवड्यात ओपीडीतच पकडीने ओढून काढल्या, भूल न देता. पोरगी तारांपेक्षा प्लास्टर कापायच्या मशीनला जास्त घाबरली.

घरी आल्यावर आप्पांनी मालिशसाठी तेलाची बाटली काढली. मी ती उचलून माळ्यावर टाकली. चोळल्याने कोपर आणखी आखडतं. खेळता खेळता दोन-तीन महिन्यांत तिचा हात मोकळा झाला.

हां, हाडाला नुसती चीर गेली असेल, ते जागचं हललं नसेल, तर प्लास्टरच पुरतं. मी डॉक्टर नाही, तुमचा एक्स-रे मी पाहिलेला नाही. पण बोटं गार किंवा पांढरी पडली, बोट सरळ करताना पोर किंचाळलं, तर सकाळची वाट न बघता लगेच दवाखाना गाठा.

आप्पा अजून म्हणतात, "तिचा प्लास्टरनेही बसला असता." तिचे दोन्ही एक्स-रे मी कपाटात जपून ठेवलेत. ते आले की काढतो.