घाटाच्या उतारावर ब्रेक का लागेनासे होतात?

प्रश्न : दिवाळीनंतर पत्नीसह मोटारसायकलवरून पुणे, वाई, महाबळेश्वर, पोलादपूर, महाड आणि वरंधा घाटातून भोरमार्गे परत, असा फेरा एका दिवसात करण्याचा विचार आहे. मागे आंबेनळी घाट उतरताना पुढच्या ब्रेकचा लिव्हर एकाएकी मुठीला टेकला. थोडा वेळ थांबल्यावर ब्रेक पूर्ववत झाला आणि मेकॅनिकला काहीच दोष सापडला नाही. पेट्रोल वाचावे म्हणून उतारावर मी गाडी न्यूट्रलमध्ये सोडतो. काय काळजी घ्यावी?
— एक वाचक, पुणे

उत्तर : मेकॅनिकला दोष सापडला नाही यात नवल नाही, कारण गाडी गॅरेजात पोचेपर्यंत ब्रेक थंड झालेले असतात. आंबेनळी घाटाच्या, म्हणजे महाबळेश्वरहून पोलादपूरपर्यंतच्या, साधारण ४० किलोमीटरांत रस्ता हजार मीटरहून अधिक खाली उतरतो आणि गाडी न्यूट्रलमध्ये असली की इंजिन तिला मागे धरत नाही व दोन माणसांचा व गाडीचा सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो. डिस्क तापते, तिच्या उष्णतेने ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि लिव्हर दाबला की आधी ही वाफच दबते, त्यामुळे डिस्कला दाबून धरणाऱ्या पॅडपर्यंत जोर पोचत नाही. हे ऑइल हवेतील ओल शोषून घेते व ओल शोषलेले ऑइल लवकर उकळते, म्हणून निघण्यापूर्वी ते बदलून घ्यावे आणि पुढेही दर दोन वर्षांनी बदलावे.

न्यूट्रलची सवय मात्र आजच सोडावी, ही आपणास कळकळीची विनंती आहे. जो घाट ज्या गियरमध्ये चढतो त्याच गियरमध्ये तो उतरावा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम आजही तितकाच खरा आहे. वळण येण्यापूर्वीच गियर पाडावा आणि ब्रेक सतत धरून न ठेवता लावावा व सोडावा. पेट्रोलचे म्हणाल, तर फ्युएल इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत गियर असताना ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला की इंजिनाचा पेट्रोल पुरवठाच बंद होतो. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवण्यासाठी ते जळत राहते.

आता मार्गाविषयी. सुमारे ३०० किलोमीटरांचा हा फेरा मागे बसणाऱ्या व्यक्तीसह एका दिवसात करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नोव्हेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि आपल्या आखणीत वरंधा घाट नेमका दमलेल्या अवस्थेत, अंधारात येतो. त्याऐवजी सकाळी भोरहून नीरा-देवघरच्या जलाशयाकाठाने वरंधा घाटात जावे, वाघजाई मंदिरापाशी चहा-भजी घेऊन दरी निवांत पाहावी, वेळ असल्यास शिवथरघळीपर्यंत उतरावे आणि उजेडातच त्याच रस्त्याने परतावे. पावसाळ्यात दरडींमुळे हा घाट अनेकदा बंद ठेवला जातो, तेव्हा तो खुला झाल्याची खात्री भोरमध्येच करून घ्यावी. पावसाने वाहून आलेली बारीक खडी वळणाच्या आतल्या कडेला साचलेली असते. तिच्यावर पुढचा ब्रेक लावल्यास चाक घसरते, म्हणून वेग वळणाआधीच कमी केलेला असावा.